बायोसला दिसते, लिनक्सला नाही: बापूंच्या डिस्कचं प्रकरण

गेल्या आषाढात बापू कणकवलीला माझ्या दुकानात आले ते काखेत आंब्याची पेटी मारून. आषाढात कसला आंबा, म्हणून मी बघतच राहिलो. पेटीत पेंढा, पेंढ्यात दुधाची धुतलेली पिशवी आणि पिशवीत हार्ड डिस्क. १९९८ सालची, ४.३ जीबीची, मागे चाळीस पिनांची बत्तीशी असलेली (मोजल्या तर एकोणचाळीसच भरतात, विसावी मुद्दाम गाळलेली असते, केबल उलटी बसू नये म्हणून).

"ह्येच्यात माझी सगळी कलमां आसत," बापू म्हणाले. "जपून."

बापूंची बाग देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. प्रत्येक कलमाला नंबर आहे, बुंध्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला. भाच्याने डिप्लोमा करता करता त्यांना फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. कुठल्या कलमाने कुठल्या साली किती डझन दिले, वाशीला किती पेट्या गेल्या, दलालाची पट्टी किती आली, हे सगळं बापूंनी २००७ पर्यंत नेमाने भरलं. मग मशीन बसलं, पोटमाळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. आता घरात वाटणी निघाली होती. खालच्या धाकट्या कलमांवर सगळ्यांचा डोळा आणि 'वरची म्हातारी कलमं काही देत नाहीत, ती तुम्ही ठेवा' असं बापूंना सुचवणं चाललेलं. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. दोन-तीन वर्षं बघून कलमाची किंमत करता येत नाही. दहा वर्षांचे आकडे लागतात, आणि ते या डिस्कमध्ये होते.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: डिस्क गेली. मी तिसरा. तेच उत्तर मीही देणार होतो, आणि एकदा नाही, तीनदा. हे प्रकरण लिहून काढतोय ते त्या तीन वेळांसाठी.

पहिली वेळ: जम्पर

दुकानात जुनी डिस्क आली की हात आपोआप यूएसबी अडॅप्टरकडे जातो. एका टोकाला आयडीईचं (जुन्या डिस्कच्या चाळीस पिनांच्या जोडणीचं) सॉकेट, दुसऱ्या टोकाला यूएसबी, वेगळा पॉवरचा ठोकळा. लावला. डिस्क फिरायला लागली. आधी शिट्टीसारखा चढत जाणारा सूर, मग हेड जागेवरून हलल्याची टक, मग एकसंध घूं. हा आवाज जिवंत डिस्कचा. हेड गेलेली डिस्क ठरावीक अंतराने टक्-टक् करत बसते, दारावर कुणी वाजवत असल्यासारखी. इथे तसं काही नव्हतं, पण लॅपटॉपवर मात्र शुकशुकाट.

आधीच्या दोघांचं इथेच 'गेली' झालं असावं असा माझा अंदाज. माझंही होणार होतं. पण बापू समोर स्टुलावर बसून होते, त्यामुळे काहीतरी करतोय असं दाखवण्यासाठी मी बॅटरी मारून पिना बघितल्या. पिनांच्या बुडाशी हिरवट कीट. किनाऱ्याजवळच्या घरात पंचवीस वर्षं राहिलेल्या तांब्या-पितळेचं जे होतं तेच. शेजारी जम्परच्या पिनांत पेंढ्याची एक काडी अडकलेली. ती चिमट्याने काढताना लक्षात आलं, की जम्पर स्लेव्हवर आहे. जुन्या मशीनमध्ये हिच्या जोडीला म्हणे दुसरी एक डिस्क होती.

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क बसतात. मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हे डिस्कलाच या इवल्याशा जम्परने सांगावं लागतं. स्वस्तातले बरेचसे अडॅप्टर केबलवर एकच डिस्क आहे आणि ती मास्टर आहे असं धरून चालतात. स्लेव्हला ते हाकच मारत नाहीत. दातांचा जुना ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना घासल्या, जम्पर मास्टरवर केला (तो हातातून निसटून फरशीवर गेला की अर्धा तास गेलाच, म्हणून मी खाली पांढरं फडकं पसरतो), आणि लॅपटॉपने ४.३ जीबी दाखवले.

बापूंना चहा सांगितला. चहा येईस्तोवर कॉपी ६०० एमबीला अडकली, अडॅप्टर रीसेट झाला, डिस्क गायब. परत लावली, परत तिथेच. डिस्कला एखादा सेक्टर (५१२ बाइटचा तुकडा) वाचायला वेळ लागला की या अडॅप्टरचा धीर सुटतो आणि तो सगळं जोडकामच नव्याने सुरू करतो. मध्ये त्याचाच मेंदू बसलेला, त्यामुळे डिस्कला किती वेळ द्यायचा, किती वेळा विचारायचं, हे आपल्या हातात राहत नाही. बापूंना म्हटलं, डिस्क ठेवून जा. मला अस्सल आयडीई पोर्ट हवं होतं.

दुसरी वेळ: कर्नल

दुकानात एक मशीन मी त्यासाठीच राखून ठेवलंय. २००९ च्या सुमाराचा एएमडीचा बोर्ड, त्यावर एसबी७०० चिप, साटाची (आयडीईनंतर आलेल्या जोडणीची) पोर्टं आणि कोपऱ्यात एकुलतं एक आयडीई. वर डेबियन १२ हे लिनक्स, पण कर्नल (लिनक्सचा गाभा, हार्डवेअरशी बोलतो तो) माझा स्वतःचा, ६.१ च्या सोर्सवरून बांधलेला.

डिस्क जोडली. बायोसच्या (मशीन चालू होताच सगळ्यात आधी उठणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामच्या) पडद्यावर प्रायमरी मास्टरसमोर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर उमटला. लिनक्स आलं. ब्लॉक डिव्हाइसची, म्हणजे दिसणाऱ्या डिस्कची, यादी काढली तर फक्त साटाची एसएसडी. डी-मेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वरपासून खालपर्यंत चाळला: आयडीईबद्दल चकार शब्द नाही. केबल बदलली, तेच. पॉवरचा कनेक्टर बदलला, तेच. संध्याकाळचे सात, बाहेर धो-धो पाऊस, आणि मी बापूंचा नंबर फोनवर काढून ठेवलेला. वाक्यसुद्धा तयार होतं: बायोसला नाव सांगण्याइतकाच जीव राहिलाय हो, पुढे काही नाही.

फोन लागला नाही. पावसात त्यांच्या गावातला टॉवर बसतो.

आता डिस्क अर्धमेली असेल, तर कर्नल तिच्या नावाने शंख करतो. टाइमआउट, रीसेट, वेग कमी करतोय, पुन्हा रीसेट. लॉग लाल होऊन जातो. इथे तक्रारच नव्हती. ज्याने हाक मारून पाहिली त्याला उत्तर आलं नाही, तर तो निदान तसं सांगतो. माझ्या कर्नलने हाकच मारलेली नव्हती, आणि हे कळायला मला टॉवर बसावा लागला.

एलएसपीसीआय ही आज्ञा 'के' हा पर्याय लावून दिली, की प्रत्येक कंट्रोलरखाली तो कुठला ड्रायव्हर चालवतोय ते दिसतं. साटा कंट्रोलरखाली एएचसीआय (साटाचा नेहमीचा ड्रायव्हर), लॅन कार्डखाली त्याचा, साउंडखाली त्याचा. 'आयडीई इंटरफेस' या ओळीखाली काहीच नाही. चिप बोर्डावर आहे, बायोस तिच्याशी बोलतो, पण लिनक्समध्ये तिला कुणी वालीच नाही. बूट फोल्डरमधली कॉन्फिगची फाइल (कर्नलमध्ये काय घेतलं, काय गाळलं याची यादी) उघडून एटीए (आयडीई आणि साटा या दोन्हींचं कुळ) शोधलं आणि ती ओळ सापडली:

# कॉन्फिग_एटीए_एसएफएफ इज नॉट सेट

ही ओळ मीच घातलेली होती. वर्षभरापूर्वी एका रिकाम्या दुपारी कर्नल हलका करायची हुक्की आली होती. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, एकेका पर्यायाची मदत वाचत नको ते काढत होतो. एसएफएफच्या मदतीत लिहिलंय, की ही आयडीईची आदिम काळापासून चालत आलेली पद्धत. जवळपास सगळे पाटा (आयडीईचंच दुसरं नाव) कंट्रोलर हीच वापरतात. पण तुमच्याकडे फक्त एएचसीआयसारखे आधुनिक कंट्रोलर असतील तर काढून टाकलीत तरी चालेल. माझी एसएसडी एएचसीआयवर, आयडीई पोर्ट रिकामं. काढून टाकली. त्याच मदतीत शेवटी 'खात्री नसेल तर हो म्हणा' असंही आहे. खात्री होती ना मला.

या एका 'नाही'चा परिणाम मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. कर्नलच्या मेन्यूत पर्याय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. वरचा एटीए, त्याखाली एसएफएफ, त्याखाली बीएम-डीएमए (डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय), आणि पाटाचे बहुतेक ड्रायव्हर त्याच्याही खाली. मधला एक काढला की खालची अख्खी यादी मेन्यूतून नाहीशी होते. राखाडी होऊन दिसतसुद्धा नाही, नसतेच. त्यामुळे पाटाचा ड्रायव्हर शोधायला गेलेल्या माणसाला वाटतं, हा कर्नलमधून कायमचा काढलेला दिसतो. अशा वेळी मेन्यूत तिरकी रेघ दाबून नावाने शोध घ्यावा. लपलेले पर्यायही सापडतात, आणि कुणावाचून अडलंय तेही तिथेच लिहिलेलं असतं. माझ्या चिपचा ड्रायव्हर पाटा-एटीआयआयएक्सपी. एटीआय कंपनी २००६ मध्ये एएमडीकडे गेली, पण ड्रायव्हरच्या नावात अजून नांदते आहे. शोधात तो लगेच आला, आणि खाली स्पष्ट: एसएफएफ नाही, म्हणून मी नाही.

इथे एका जुन्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण ती माझ्या पिढीच्या सगळ्यांना नडते. आम्ही लिनक्स शिकलो तेव्हा आयडीई डिस्क एचडीए, एचडीबी अशी दिसायची आणि एसडीए म्हणजे स्कझी, सर्व्हरमधल्या डिस्कची जात, जी फक्त ऐकून माहीत. त्या एचडीएवाल्या जुन्या आयडीई ड्रायव्हरांची शाखा वेगळी होती. २००६ मध्ये २.६.१९ बरोबर पाटाचे ड्रायव्हर लिबएटीए या नव्या घरात आले, दोन्ही घरं बरीच वर्षं शेजारी-शेजारी नांदली, आणि २०२१ मध्ये ५.१४ ला जुनं घर पाडलं. तेव्हा कर्नलमधून आयडीई गेलं अशी ओरड झाली. माझ्या ओळखीतले दोघे तर जुन्या डिस्कसाठी जुना कर्नल जपून बसलेत. गेलं ते जुनं घर, माणसं नव्या घरात सुखरूप आहेत. लिबएटीए आपल्या डिस्क स्कझीच्या वाटेने पुढे करतं, म्हणून आयडीई डिस्कही एसडी-अमुक होते. त्यासाठी स्कझी डिस्क सपोर्ट हा पर्याय चालू लागतो, घरात एकही स्कझी डिस्क नसली तरी. माझ्याकडे तो एसएसडीमुळे होताच.

मग काय काय चालू केलं? एसएफएफ आणि बीएम-डीएमए तर हवेच. पाटा-एटीआयआयएक्सपी मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेर राहून लागेल तेव्हा चढणारा. उद्या हीच एसएसडी दुसऱ्या बोर्डावर लावावी लागली तर असू दे, म्हणून इंटेलसाठी एटीए-पिक्स, व्हिया आणि जेमायक्रॉनचे पाटा ड्रायव्हर, आणि कुणीच नाही जुळलं तर जेनेरिक. पाटा-लेगसी मात्र सोडला. नाव बघून हाच जुन्या डिस्कचा असं वाटतं, पण तो जुन्या आयसा बसच्या काळातल्या कार्डांसाठी आहे आणि ठरलेल्या पत्त्यांवर जाऊन चाचपडत बसतो; पीसीआयच्या मशीनवर त्याचं काम नाही. मॉड्यूल ठेवलं तर चालतं, कारण माझी सिस्टीम एसएसडीवरून उठते. सिस्टीमच जुन्या डिस्कवर असेल, तर ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (उठताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या गाठोड्यात) तरी. नाहीतर कर्नल उठतो आणि रूट (सिस्टीमचं मूळ पार्टिशन) सापडत नाही म्हणून तिथेच पॅनिक होतो.

कुणी म्हणेल, लाइव्ह पेनड्राइव्ह लावायचा होता, डेबियनच्या मूळ कर्नलमध्ये हे सगळं असतं. बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्रीसाठी मी तेच केलं, आणि डिस्क दहा सेकंदांत दिसली. तिथूनच कामही उरकता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची डिस्क याच मशीनला लागली असती आणि तीही 'मेली' असती.

कर्नल बांधायला त्या मशीनला पाऊण तास लागतो. आषाढात कणकवलीत सलग पाऊण तास वीज असेल हे गृहीत धरणं धाडसाचं. इन्व्हर्टर दोन महिन्यांपूर्वी गेलेला. पस्तिसाव्या मिनिटाला लाइट गेली. मेक (कर्नल बांधणारा प्रोग्राम) जिथे थांबला तिथून पुढे जातो, ती अडचण नाही. पण अचानक वीज गेली की अर्धवट लिहिलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची होऊन बसते, आणि मेकला वाटतं ही झालेली आहे. शेवटी जोडणीच्या वेळी फाइल ओळखता येत नाही म्हणून थांबला. शून्य बाइटच्या फायली शोधून उडवल्या, परत मेक. या वेळी बॅटरी बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून उसनी.

नव्या कर्नलने सातव्या एटीए पोर्टवर डिस्क ओळखली: वेगाची पद्धत यूडीएमए-३३, ८४,०४,८३० सेक्टर. त्याला ५१२ ने गुणलं की ४.३ जीबी पुरे होतात. एलएसपीसीआयमध्ये आयडीईच्या ओळीखाली आता ड्रायव्हरचं नाव होतं.

तिसरी वेळ: लॉगमधली चार अक्षरं

डिस्क दिसली म्हणून लगेच माउंट करायची (आतल्या फायली वापरायला उघडायची) नसते. आधी तिला ब्लॉकडेव्हने फक्त-वाचनावर टाकलं, मग जीएनयू डीडीरेस्क्यूने इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढायला घेतली. पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून पुढे जायचं, सोपं ते आधी पदरात घ्यायचं, आणि कुठे काय राहिलं त्याची नोंद मॅपच्या फाइलमध्ये. वीज गेली तरी ती नोंद राहते. कोकणात या कामासाठी दुसरं साधन वापरू नये असं माझं मत.

पाच मिनिटांत लॉग लाल. एरर, रीसेट, वेग उतरवतोय. आली का पंचाईत, म्हटलं, सगळीच सडलेली दिसते. नशिबाने ओळी नीट वाचल्या. डिस्कला सेक्टर वाचता आला नाही तर लिबएटीए महिरपी कंसात यूएनसी लिहितं. इथे दहातल्या आठ ठिकाणी आयसीआरसी होतं. म्हणजे डिस्कने सेक्टर बरोबर वाचला, पण केबलवरून येताना तो बिघडला. दोष वाटेत होता. मी लावलेली चाळीस तारांची पट्टी कुठल्या तरी फ्लॉपीच्या खोक्यातून आलेली, घडी पडून मधोमध दुमडलेली. दुसरी केबल नसती, तर लिबएटीए डॉट फोर्स या बूटच्या पर्यायाने त्या पोर्टला पीआयओ-४ या जुन्या संथ पद्धतीवर उतरवलं असतं; वेग सेकंदाला १७ एमबीच्या आत येतो, पण ४.३ जीबीला काय लागतंय? केबल मिळाली. ऐंशी तारांची, निळं टोक बोर्डाला, काळं डिस्कला. आयसीआरसी थांबले. उरले ते खरोखरचे यूएनसी, ६०० एमबीच्या आसपास, जिथे यूएसबी अडॅप्टर अडकत होता तिथेच.

रात्रभरात तीन फेऱ्या झाल्या. न वाचलेले सेक्टर राहिले २१२, म्हणजे १०६ केबी. इमेजची एक प्रत करून ती फक्त-वाचनावर माउंट केली. त्या काळातल्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणून ऑफसेट (पार्टिशन कितव्या बाइटपासून ते) ६३ गुणिले ५१२, ३२,२५६. फॅट३२ उघडलं.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिस थेट उघडतं. एका वर्षाच्या पट्ट्यांच्या फाइलमध्ये मधल्या काही ओळी कचरा झाल्यात, बाकी सगळं जिथल्या तिथे. वाशीला लिहिलेली पत्रं उघडली तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागा अडवून बसायचे. फॉन्ट नसला की खालची खरी अक्षरं उघडी पडतात. फॉन्ट त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये होता. तो बसवला, आणि पहिल्या पत्राची पहिली ओळ उमटली: 'स. न. वि. वि., गेल्या खेपेच्या ४० पेट्यांपैकी ६ पेट्या डागी दाखवल्या त्याबद्दल.'

बापू आले तेव्हा प्रिंट काढून ठेवली होती. चष्मा लावून त्यांनी बोट फिरवलं आणि ११७ नंबरच्या कलमापाशी थांबले. वरच्या अंगाचं, म्हातारं. १९९९ ला ८२ डझन. पुढच्या साली ९. त्याच्या पुढे ७६. "देणा नाय म्हणतत," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात टाकली. डिस्क परत पेंढ्यात घालून घेऊन गेले. इमेज आता पेनड्राइव्हवर आहे, डिस्क तुम्हाला कशाला, असं विचारलं नाही.

बापू गेल्यावर मी कामाची वही उघडली. हा कर्नल मशीनवर बसला त्या तारखेनंतर आयडीई डिस्क किती आल्या होत्या? एकच. मालवणकडचा एक फोटोवाला, १६० जीबीची डिस्क, त्यात पाच-सहा वर्षांची लग्नं. माझ्या अक्षरात समोर लिहिलेलं: डिटेक्ट नाही, डेड. मला तो दिवस आठवतोय. मी त्याला उभ्या उभ्या १३७ जीबीच्या मर्यादेवर व्याख्यान दिलं होतं. २८ बिटांचा पत्ता त्याच्यापुढे जात नाही, म्हणून जुन्या मशीनवर मोठ्या डिस्क बोंबलतात वगैरे. मर्यादा खरी आहे. पण २००९ च्या बोर्डाला ती कधीच लागू नव्हती. शंभर रुपये तपासणीचेही घेतले होते.

त्याला फोन केला. सगळं सांगितलं, डिस्क घेऊन ये, फुकट करतो म्हटलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, डिस्क उघडली मी तेव्हाच. आतली दोन चुंबकं भारी जोराची निघाली. एक स्टुडिओत कात्री अडकवायला लावलंय, दुसरं घरी फ्रीजवर, लाइटबिलं धरायला.